कातळवाडीचं डोली मंडळ

कातळवाडीत काशी शितपचं नाव कुणी प्रेमाने घेत नाही. काशीलाही त्याचं सोयरसुतक नाही. साठीकडे झुकलेली, ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई. ती बोलायला लागली की समोरच्याने आवरतं घ्यावं. जयगडच्या रस्त्यावर फाटा लागतो, तिथे डांबर संपतं. पुढे सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, ओलांडायचा आणि मग चढण चढून वाडीत जायचं. गाडी वर जात नाही. आजारी माणूस खाली आणायचा तर डोलीत घालून, खांद्यावरून. गेली काही वर्षं ते खांदे बायकांचे आहेत, आणि ते काशीने उभे केले. आजूबाजूच्या वाड्यांत लोक त्याला सेवा म्हणतात. ती स्वतः तसं कधीच म्हणाली नाही.

सुरुवात चिरेखाणीपासून झाली. सड्यावर खाण काढायला बाहेरचा एक ठेकेदार आला, आणि वाडीचा गावकर रावजी शितप याने त्याला होकार दिला. पालखी कुठून निघणार, कुणाच्या लग्नाला कोण जाणार, भांडणात चूक कुणाची, हे सगळं रावजीच्या घरापुढच्या खळ्यात, त्या सारवलेल्या अंगणात ठरायचं. कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला. त्यांनाही रावजीचा शब्द फोनवरून पोचायचा आणि तो शेवटचा असायचा. खाण वाढत वाढत पाखाडीला भिडली. वाडीतून सड्यावर उतरायची ती चिऱ्यांच्या पायऱ्यांची जुनी वाट. तिचं खालचं टोक खाणीने खाल्लं. माणसं खड्ड्याला वळसा घालून जाऊ लागली आणि आपापसात कुरकुरू लागली.

तक्रार कुणीतरी निनावी केली. चौकशीला साहेब आले तेव्हा रावजीने सगळी वाडी खळ्यात बसवली होती. पाखाडी कुठून जात होती असं साहेबांनी विचारलं, तर पाखाडीच नव्हती असं उत्तर आलं. एकाने सांगितलं, दुसऱ्याने मान हलवली. काशी बायकांच्या मागे बसली होती. ती उठली, साहेबांना म्हणाली चला दाखवते, आणि त्यांना खड्ड्याच्या काठावर नेऊन तुटलेली पायरी दाखवली. रघू, तिचा नवरा, खाली मान घालून मागे मागे चालत होता. तो गरीब स्वभावाचा माणूस. आयुष्यात कधी कुणाला उलट बोलला नव्हता.

खाण थोडे दिवस बंद राहिली, मग पुन्हा सुरू झाली. काशीला मात्र गावकीने, रावजीच्या खळ्यात बसणाऱ्या त्या पंचांनी, वाळीत टाकलं. तसं कुणी लिहून दिलं नाही. नुसतं तिच्या घरी येणं बंद झालं. विहिरीवर ती गेली की बाकीच्या कळश्या उचलल्या जायच्या. भातलावणीला कुणी हात लावेना. काशी रोज संध्याकाळी खळ्यात उभी राहून, नाव न घेता पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, वाडीचा उद्धार करायची. रघूला ते सहन व्हायचं नाही. माफी मागून टाकू, असं तो तिला रात्रंदिवस म्हणत होता. मुलगा विनोद मुंबईत एका कँटीनला होता, तोही फोनवर तेच म्हणायचा. काशी म्हणायची, चूक केली असेल तर मागेन.

पुढच्या शिमग्याला सगळे चाकरमानी गावी आले. विनोद आला नाही, त्याला लाज वाटत होती. पालखी घरोघर फिरू लागली. वाळीत टाकलेल्यांच्या दारात ती थांबणार नाही हे काशीला ठाऊक होतं. रघूला ते खरं वाटत नव्हतं. त्याने खळं सारवायला लावलं, रांगोळी काढायला लावली, ताटात नारळ ठेवून तो भर उन्हात उभा राहिला. ढोल जवळ आले. पालखी नाचत नाचत त्याच्या खळ्यासमोरून पुढे शेजारच्या घराकडे गेली. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. रघू ताट घेऊन तसाच उभा राहिला. मग ताट खाली ठेवून पडवीत बसला, आणि छाती धरून आडवा झाला.

काशी धावत सुटली. पालखी तोवर रावजीच्या खळ्यात टेकली होती. सगळी वाडी तिथे जमलेली, गुलालाने माखलेली. एरवी वाडीत चार धड पुरुष सापडायचे नाहीत. त्या दिवशी चाळीसेक तरी होते. काशीने सांगितलं, त्यांना डोलीत घालून फाट्यावर न्यायचंय, चौघं या. दोघंतिघं पुढे झाले आणि रावजीकडे बघून थांबले.

रावजी म्हणाला, हिने आधी माफी मागावी.

काशी तिथेच गुडघ्यांवर बसली. तिने खळ्याच्या जमिनीला डोकं टेकलं. "भावजी, चुकलं माजं," ती म्हणाली. "आता माणसं द्या."

"अशी नाय," रावजी म्हणाला. "पालखी उठू दे. संध्याकाळी गावकी बसेल, तिथं रीतसर माग."

काशी उठली. कपाळावर गुलाल आणि माती लागली होती, ती तिने पुसली नाही. त्या दिवसापासून तिने रावजीला भावजी म्हटलेलं नाही.

तिच्यामागून एकच माणूस आलं. नम्रता, वाडीतली आशा सेविका. तिचा नवरा जयगडच्या बंदरावर कामाला होता आणि त्याचं घर वाडीच्या अगदी टोकाला, त्यामुळे तिला गावकीचा धाक जरा कमी. दोघींनी गोधडीची झोळी करून बांबूला बांधली, रघूला तीत घातलं आणि उचललं. एक पुढे, एक मागे. पाखाडीवर त्यांना पुन्हा पुन्हा टेकावं लागलं. रघू शुद्धीवर होता. तू कशाला उचलतेस, लोकांना हाक मार, असं तो काशीला म्हणत होता. वर ढोल वाजत होते.

सड्यावर खाणीत विजापूरकडचे कामगार जेवायला बसले होते. त्यांनी दोन बायका बांबू घेऊन झोकांड्या खात येताना पाहिल्या आणि ताटं टाकून धावले. काशीच्या साक्षीने त्यांचं काम बंद पडलं होतं, हे त्यांना माहीत होतं. कुणी ते बोललं नाही. त्यांनी झोळी घेतली, खड्ड्याला वळसा घालून चिऱ्याच्या ट्रकपाशी आणली, रघूला ड्रायव्हरच्या शेजारी निजवलं. काशीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

विनोद आला तो आईला मुंबईला न्यायच्या बेतानेच. ती गेली नाही. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नम्रताला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. वाळीत टाकणं गुन्हा आहे, त्याचा कायदा आहे, हे नम्रताला माहीत होतं. रावजीवर आणि आणखी चौघांवर केस झाली. वाडी हादरली. आजवर जे तिच्याशी नुसते बोलत नव्हते, ते आता तिच्यावर थुंकायला लागले. देवाच्या माणसांना कोर्टात खेचणारी बाई, असं वाडीतल्या चाकरमान्यांच्या मुंबईच्या मंडळानेही ठरवलं. एका सकाळी तिच्या अबोलीची झाडं मुळासकट उपटलेली होती.

डोलीचा विषय पहिल्यांदा नम्रताने काढला. केस चालेल तेव्हा चालेल, पण उद्या वाडीत दुसरं कुणी पडलं तर काय करायचं, असं ती म्हणाली.

"पडू दे," काशी म्हणाली. ती मनापासून म्हणाली.

पण ते डोक्यातून जाईना. त्या दिवशी पुढे येऊन थांबलेले दोघंतिघं तिला दिसत राहिले. रावजीजवळ होतं तरी काय? जमीन बेताची, शिक्षण नाही. त्याच्याजवळ चार खांदे होते. लग्नाला, मयताला, आजारपणाला खांदे लागतात, आणि ते कुणाला द्यायचे हे तो ठरवत होता. म्हणून सगळे भीत होते. बायकांनी डोली उचलली तर रावजीला विचारतो कोण? हे तिला सुचलं आणि रघू गेल्यानंतर प्रथमच ती पोटभर जेवली, असं नम्रता सांगते.

बायका मिळवणं सोपं नव्हतं. पहिल्या आल्या त्या शेजारच्या धनगरवाडीतल्या दोघी. त्यांना कातळवाडीच्या गावकीशी देणंघेणं नव्हतं. मग कातळवाडीच्याच खालच्या आवाटातल्या, खालच्या अंगाच्या घरांतल्या दोन विधवा आल्या. त्यांनाही खांद्यासाठी कधी ना कधी रावजीच्या दारात ताटकळावं लागलं होतं. त्यांच्या मागून, नवरे मुंबईला असलेल्या वाडीतल्या तिघी सुनाही आल्या. काशीने त्यांना गोड बोलून बोलावलं नाही. तुमची पाळी येईल तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नका, एवढंच ती बोलली. सड्यावर सराव सुरू झाला. बांबूला खुर्ची बांधली, काशी स्वतः आजारी म्हणून तीत बसली. पहिल्याच दिवशी उतारावर मागचीचा पाय घसरला आणि काशी खुर्चीसकट करवंदीच्या जाळीत गेली. ओरबाडलेल्या हातांनी बाहेर येऊन तिने चौघींना अशा शिव्या दिल्या की दोघी घरी निघाल्या होत्या. नम्रताने त्यांना परत आणलं.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो मुंबईला गेला, आणि तिथून वाडीतल्या बायकांना नवऱ्यांचे फोन यायला लागले. शितपांच्या सुना माणसं वाहतात, हे चाळीतल्या लोकांना काय सांगायचं? एकीचा नवरा फोनवर ओरडत होता, तेव्हा काशीने तिच्या हातातून फोन घेतला.

"तुजी आय घरात एकटी हाय," ती म्हणाली. "ती पडली तर खांदा काय मुंबईवरनं पाठवणार हायस?"

पलीकडून फोन ठेवला गेला. ती बाई दुसऱ्या दिवशी सरावाला आली. बाकी दोघी मात्र सुटल्या त्या सुटल्याच.

पावसाळ्याच्या तोंडावर डोलीचे दोर कुणीतरी कापून काशीच्या दारात टाकले. नम्रताचं म्हणणं होतं पोलिसांना कळवू. काशी फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेली आणि लोखंडी पाइपाची, जाड कापडाच्या बैठकीची डोली करून आणली. ती तिने पडवीत साखळीने बांधून ठेवली आणि त्या रात्रीपासून अंथरूण तिच्या शेजारी घातलं. नम्रताने मंडळाचं नाव रीतसर नोंदवून घेतलं. 'कातळवाडी महिला डोली मंडळ'. रावजीचं म्हणणं असं, की कातळवाडी हे नाव वापरायला गावकीची परवानगी लागते. काशीने त्याला निरोप पाठवला की ये, पुसून दाखव.

पहिला पेशंट धनगरवाडीतला. विंचू चावलेली म्हातारी. मग ताप, मग गुरामागे जाताना घसरून पाय मोडलेला एक जण. आसपासच्या वाड्यांतून नम्रताला फोन यायचे. काशी येई ती तोंडाचा पट्टा चालवतच. दोन दिवस पोटात दुखत होतं तर काल काय करत होतात, असं ती विव्हळणाऱ्या माणसाला विचारायची. पेशंटचा भार कमी करायला सोबतच्या नातेवाइकांना हुसकावून लावायची. कुठल्याही घरचं पाणी प्यायची नाही. पण बोलावल्यावर आली नाही असं झालं नाही, आणि उतरणीला, जिथे सगळा भार पुढच्यांवर येतो, तिथे पुढचा दांडा तिचाच असायचा. तिचा उजवा खांदा आता कायमचा सुजलेला आहे.

कातळवाडीतून मात्र वर्षभर एकही हाक आली नाही. लोक दुखणं अंगावर काढत, पुरुष जमेपर्यंत वाट बघत, पण काशीची डोली नको. मग वैशाखात, भर दुपारी, रावजीच्या सुनेला कळा लागल्या. रुचिरा तिचं नाव. दिवस भरायला अवकाश होता, तिचा नवरा मुंबईला, वाडीतले उरलेले पुरुष आंब्याच्या पेट्या भरायला बागांत गेलेले. रावजी इकडेतिकडे फोन लावत होता. रुचिराने त्याला न विचारता नम्रताला फोन केला.

मंडळाच्या बायका काशीच्या खळ्यात जमल्या. डोलीची साखळी सोडायची किल्ली काशीच्या कमरेला. एक विधवा म्हणाली, आज त्याला माफी मागू दे, डोकं टेकू दे, मगच उचलायची. दुसरीनेही मान हलवली. काशी तोवर कुलूप काढत होती.

रावजी आपल्या घराच्या पायरीवर उभा होता. आतून रुचिराचं कण्हणं ऐकू येत होतं. तो काशीकडे न बघता नम्रताला म्हणाला, तुम्ही सगळ्या या, पण हिला आत आणू नका. नम्रता म्हणाली, काकीशिवाय डोली हलणार नाही. तो एक पायरी खाली उतरला. मग कुणी सांगितल्याशिवायच बोलला.

"काशी, त्या दिवशीचं..."

"गप," काशी म्हणाली. "एक शब्द काढू नकोस, गावकर. मला तुजी माफी नको. तू माफी मागितलीस तर मला सोडावं लागेल तुला. मला सोडायचं नाय."

तो बाजूला झाला. बायका आत गेल्या, रुचिराला उचलून डोलीत बसवलं. खळं ओलांडताना, जिथे तिने डोकं टेकलं होतं, काशीचे पाय त्याच जागेवरून गेले. ती थांबली नाही. पाखाडीवर उन्हाने चिरे तापले होते. रुचिरा ओरडायला लागली तेव्हा काशीने तिला दम दिला की ओरडू नको, श्वास घे, पोर ऐकतंय. रावजी पिशवी घेऊन मागे चालत होता. सड्यावर त्याने दांडा धरायला हात पुढे केला. काशीने बघितलं नुसतं. त्याने हात मागे घेतला.

फाट्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. संध्याकाळी रत्नागिरीत रुचिराला मुलगी झाली. सातव्या महिन्याची, पण जगली.

वाडीला वाटलं आता हे मिटलं. मुंबईच्या मंडळाने तर दोघांना एका व्यासपीठावर बसवून सत्कार करायचं घाटलं. काशीने निरोप आणणाऱ्याला खळ्याच्या बाहेरूनच परत पाठवलं. केस तिने मागे घेतली नाही.

तालुक्याच्या कोर्टात ती उभी राहिली तेव्हा रघूला जाऊन दोन वर्षं होत आली होती. रावजीच्या वकिलाने शिमग्याबद्दल फारसं विचारलंच नाही. गेल्या वैशाखात तुम्ही माझ्या अशिलाच्या घरात गेला होता का, असं त्याने विचारलं. काशी हो म्हणाली. घरातल्या सुनेला तुमच्या हातांनी उचललं? हो. माझ्या अशिलाने तुम्हाला आत येऊ दिलं? काशी म्हणाली, आधी नको म्हणाला. शेवटी येऊ दिलं की नाही? काशीने रावजीकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"दिलं," ती म्हणाली.

मग वाळीत टाकलं होतं म्हणता ते कुठे, असं विचारून वकील खाली बसला.

नम्रताने पाहिलं ते सगळं सांगितलं. पण ती मंडळाची, काशीच्या बाजूची, असं ठरलं. त्या दिवशी खळ्यात असलेली आणखी एकच साक्षीदार सरकारी वकिलाने बोलावली, ती रुचिरा. तेव्हा नुकतंच तिचं लग्न झालं होतं. तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती पिंजऱ्यात आली. मी सैपाकघरात होते, ती म्हणाली, बाहेर काय झालं मला ठाऊक नाही.

पाचही जण पुराव्याअभावी सुटले. वाडीत त्या दिवशी ढोल वाजले.

परत येताना बसमध्ये नम्रताने विचारलं, वैशाखात गेलो नसतो तर बरं झालं असतं का? काशी खिडकीबाहेर बघत म्हणाली की ती पोर काय रावजी नव्हती. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, तिने रावजीच्या सात पिढ्यांना शिवी दिली. नम्रताने तिला त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी सड्यावर सराव चालू असताना रुचिरा आली. मुलीला शेजारणीकडे ठेवून, पदर खोचून. मला मंडळात घ्या, ती म्हणाली. बायका काशीकडे बघू लागल्या.

"कोर्टात कुठं होतीस म्हणालीस?" काशीने विचारलं.

"सैपाकघरात."

"आणि होतीस कुठं?"

"खळ्यात," रुचिरा म्हणाली. "तुम्ही डोकं टेकलंत तेव्हा मी तिथंच होते, काकी. त्या घरात राहायचं होतं मला."

सड्यावर वारा होता, तरी तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. काशीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने रुचिराला जवळही घेतलं नाही, परतही धाडलं नाही.

"कोर्टात तोंड उघडलं नायस, आता इथंही उघडू नको," ती म्हणाली. "मागचा दांडा घे. पाय घसरला तर माणूस मरतो, ध्यानात ठेव."

रुचिराने दांडा घेतला. रावजी तिच्याशी महिनाभर बोलला नाही, तिच्या हातचं जेवलाही नाही. नवऱ्याने फोनवरून धमक्या दिल्या. ती येत राहिली. काशी आजही तिच्याशी कामापुरतंच बोलते, तेही तुटक. मंडळात आता दोन डोल्या आहेत आणि तीन वाड्यांतल्या बायका. रस्त्याचं आश्वासन दर निवडणुकीला मिळतं.

गेल्या गणपतीत मुंबईहून आलेला एक तरणा पोरगा विहिरीच्या पायरीवरून घसरला. घोटा मोडला होता. बायकांच्या खांद्यावर बसून जायचं म्हणून तो लाजेने लाल झाला, नको नको म्हणायला लागला. काशीने डोली त्याच्यासमोर टेकवली आणि म्हणाली, मग चालत जा. तो उठायला गेला, कळवळला, आणि मुकाट्याने डोलीत बसला. काशीने पुढचा दांडा खांद्यावर घेतला, मागच्या दांड्यावरच्या रुचिराला उचल म्हणून सांगितलं, आणि मग पाखाडी उतरेपर्यंत ती त्या पोराला, त्याच्या चपलांना आणि त्याच्या मुंबईला बोलत राहिली.